हात लावायची शिल्पं: सिएटलच्या फ्रीमाँटमध्ये तीन दिवस

सिएटल शहराच्या मध्यवस्तीतून उत्तरेला निघालं की वाटेत एक कालवा लागतो आणि कालव्याच्या पलीकडच्या चढावर फ्रीमाँट आहे. 1891 मध्ये ही वस्ती सिएटलला जोडली गेली, पण आपण वेगळे आहोत ही इथल्या लोकांची भावना अजून गेलेली नाही. इथली रस्त्यावरची शिल्पं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की सगळी फेरी दोन किलोमीटरच्या आत बसते. दीड तासात संपते, आणि बहुतेक जण ती तशीच संपवतात: राक्षसाबरोबर एक फोटो, लेनिनबरोबर एक, बस. तीन दिवस काढायचं कारण असं की इथली शिल्पं लांबून बघण्यासाठी नाहीत. त्यांना कपडे घालतात, त्यांच्यावर चढतात, रंग फासतात, तो पुसतात. ॲल्युमिनियम, सिमेंट, ब्राँझ आणि वेल यांपैकी प्रत्येक वस्तू या हाताळणीला वेगळं उत्तर देते आणि ते पाहायला सकाळ, संध्याकाळ, ऊन, पाऊस सगळं हवं.

शुक्रवार ते रविवार हे सोयीचं, कारण रविवारी बाजार असतो. मध्यवस्तीतून 40 किंवा 62 क्रमांकाची बस थेट फ्रीमाँटला येते. ओर्का कार्ड, म्हणजे इथलं बसचं कार्ड, टॅप केलं की दोन तास त्याच भाड्यात बस बदलता येते. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. गाडी आणायचा मोह टाळावा. उताराच्या अरुंद गल्ल्यांत जागा मिळत नाही, आणि मिळाली तर चाक फुटपाथच्या कडेला वळवून लावावं लागतं.

पहिला दिवस, शुक्रवार: पूल आणि थांबा

बस पुलाच्या अलीकडेच सोडावी आणि पूल पायी ओलांडावा. फ्रीमाँट ब्रिज 1917 चा, निळा-केशरी, दोन पाकळ्यांचा उघडझाप पूल. पाण्यापासून त्याची उंची फक्त 30 फूट, म्हणून शिडाची साधी होडी आली तरी पूल उघडावा लागतो. दिवसाला सरासरी पस्तीस वेळा तो उघडतो; जगातल्या सर्वांत जास्त उघडणाऱ्या पुलांत त्याची गणना होते. होडी एक लांब आणि एक आखूड भोंगा देते, पूलही तसाच भोंगा देऊन उत्तर देतो, मग घंटा, मग आडवे दांडे. प्रत्येक पाकळीच्या मागच्या टोकाला प्रतिभार असतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं हे वजन पाकळीला तोलून धरतं, त्यामुळे एवढा लोखंडी रस्ता उचलायला फार मोठी ताकद लागत नाही. कामाच्या दिवशी सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 4 ते 6 या गर्दीच्या वेळांत लहान होड्यांसाठी पूल उघडत नाहीत. उघडताना पाहायचा असेल तर साडेनऊनंतर यावं. घंटा वाजायला लागल्यावर पळत पार होण्याचा प्रयत्न करू नये, दांड्यापाशी उभं राहिलं की पाकळी वर जाताना तिच्या पोटातले रिव्हेट दिसतात, तेच बघण्यासारखं असतं.

पुलाच्या एका बुरुजाच्या खिडकीत निऑनची रपुंझेल आहे, परीकथेतली लांब केसांची मुलगी, केस खाली सोडलेली. दिवसा नुसत्या काचेच्या नळ्या दिसतात. तिला अंधारासाठी राखून ठेवावं.

पूल संपताच उजव्या हाताला, 34व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, छपराखाली माणसं उभी आहेत. मोठी माणसं, कडेवर एक तान्हं मूल, पायांशी कुत्रा. रिचर्ड बायर यांनी 1978 मध्ये केलेलं हे ॲल्युमिनियमचं शिल्प म्हणजे इंटरअर्बनची वाट पाहणारी मंडळी. इंटरअर्बन ही सिएटल ते एव्हरेट धावणारी विजेची गाडी. 1910 ते 1939 एवढी वर्षं ती इथून जात होती. म्हणजे शिल्प बसलं तेव्हा गाडी बंद होऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, आणि मंडळी अजून उभीच आहेत.

कुत्र्याकडे वाकून बघावं, त्याला माणसाचा चेहरा आहे. तो आर्मेन स्टेपॅनियन यांचा. फ्रीमाँटचे मानद महापौर, घरोघरचा पुनर्वापराचा कचरा वेगळा गोळा करण्याचं काम इथे सुरू करणारे गृहस्थ. त्यांचं आणि शिल्पकाराचं बिनसलं आणि त्याचा वचपा म्हणून हा चेहरा आला, अशी इथली आवडती कथा. खरीखोटी असो, महापौरांचा चेहरा कुत्र्याला लावून तो भर चौकात पन्नासेक वर्षं टिकतो ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या मंडळींना कपडे घालायची इथे रीत आहे. वाढदिवस, लग्नाची मागणी, सामना जिंकला, कुणी निवृत्त झालं, काहीही निमित्त चालतं. परवानगी कुणाची लागत नाही. व्यापारी जाहिरात मात्र चालत नाही आणि ज्याने सजवलं त्याने उतरवून न्यायचं असतं. आपल्याकडे वेशीवरच्या मारुतीला ज्याला वाटेल त्याने शेंदूर-तेल वाहावं, तसाच हा मामला. फरक एवढाच की मारुतीवरचा शेंदूर साचत जातो आणि इथलं दुसऱ्या दिवशी उतरतं.

सजवायचं असेल तर काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. धातूचा हात कोपरात वाकत नाही, त्यामुळे शर्ट, स्वेटर, काहीही डोक्यातून जात नाही. कपडा पाठीवर वरपासून खालपर्यंत उभा कापायचा, दोन्ही कडांना नाड्या लावायच्या आणि एप्रनसारखा पुढून चढवून मागे बांधायचा. बाह्याही खालच्या बाजूने उसवून घ्याव्या लागतात. टोप्या एक माप मोठ्या घ्याव्यात आणि हनुवटीखाली दोरी हवीच, पुलावरचा वारा सोडत नाही. बांधायला सुती दोरी किंवा कापडाच्या चिंध्या. तांब्याची किंवा साधी लोखंडी तार नको: ॲल्युमिनियमला दुसरा धातू चिकटून राहिला आणि मध्ये पावसाचं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, खड्डे पडतात. क्रेप कागद तर अजिबात नको. पहिल्याच सरीत त्याचा रंग उतरतो आणि धातूच्या खडबडीत अंगात मुरून बसतो. चिकटपट्टीचा गोंद थंडीत कडक होतो, निघता निघत नाही. तो खरवडायला कुणी पत्रा वापरला की ओरखडे राहतात.

ॲल्युमिनियम इथे का, हेही बघण्यासारखं आहे. ते साधारण 660 अंशांना वितळतं. ब्राँझला हजाराच्या आसपास जावं लागतं. वजन ब्राँझच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. वाळूच्या साच्यात छोट्या भट्टीवर ओतता येतं. हवेत येताच त्यावर ऑक्साइडची पातळ कातडी येते आणि ती आतल्या धातूला राखते, म्हणून गंज नाही. पण ही कातडी करडी, निस्तेज असते. पहिल्या नजरेला शिल्प सिमेंटचं वाटतं ते यामुळे. जिथे हात जास्त फिरतात, म्हणजे कुत्र्याचं डोकं, मुलाचा गाल, तिथे घासून ती उजळते. म्हणजे लोकांना कोण जास्त आवडतं हे शिल्पावरच नोंदलेलं असतं.

पूर्वेला थोडं पुढे, याच रस्त्यावर, दोन विदूषक एकमेकांत अडकलेले आहेत, दोघांची ओढ उलट दिशांना. 2008 चं हे केव्हिन पेटेल यांचं ब्राँझ: जे. पी. पॅचेस आणि गर्ट्रूड, ज्यांचा मुलांचा कार्यक्रम सिएटलच्या टीव्हीवर 1958 ते 1981 चालला. शिल्पाचं नाव 'इंटरअर्बनला उशीर झालेले'. आधीचं शिल्प न पाहता इकडे आलात तर विनोद कळत नाही. कारागिरी चांगली आहे, पण मंडळींच्या शेजारी ते जरा जास्त गोड वाटतं.

अंधार पडला की पुन्हा पुलावर. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, तेव्हा रपुंझेलसाठी पावणेदहापर्यंत थांबावं लागतं. डिसेंबरमध्ये पाचलाच काम होतं. निऑनचा फोटो आपोआप घेतला तर नळी पांढरी पडते. फोनवर बोट नळीवर टेकवून उजेड खाली ओढायचा, मग रंग येतो.

दुसरा दिवस, शनिवार: राक्षस, लेनिन, रॉकेट

राक्षसाकडे सकाळी आठच्या आत पोचावं. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या आणि त्याच्या हातावर फोटोसाठी रांग.

फ्रीमाँटच्या डोक्यावरून दुसरा, फार उंच पूल जातो. तो 1932 चा, नाव जॉर्ज वॉशिंग्टनचं, पण सगळे त्याला ऑरोरा ब्रिज म्हणतात. त्याचं उत्तर टोक जिथे टेकडीला टेकतं, तिथे खालची जागा अंधारी, कचरा टाकायची होती. 1989 मध्ये फ्रीमाँट आर्ट्स कौन्सिल या इथल्या कलासंस्थेने या जागेसाठी स्पर्धा ठेवली. निवडक कल्पनांची छोटी मॉडेलं जत्रेत मांडली आणि लोकांनी मतं दिली. राक्षस जिंकला. स्टीव्ह बडानेस, विल मार्टिन, डोना वॉल्टर आणि रॉस व्हाइटहेड या चौघांनी तो 1990 मध्ये उभा केला. पुलाखाली राक्षस राहतो ही युरोपच्या उत्तरेकडची लोककथा. सिएटलच्या या बाजूला नॉर्वे-स्वीडनकडून आलेली मंडळी खूप, त्यामुळे कथा परकी नव्हती. 2005 मध्ये पुलाखालच्या रस्त्यालाच ट्रोल ॲव्हेन्यू असं नाव मिळालं.

उंची 18 फूट, म्हणजे साडेपाच मीटर. एका डोळ्याच्या जागी गाडीच्या चाकाची चकचकीत टोपी. डाव्या पंजाखाली फोक्सवॅगन बीटल, खरीखुरी, वरच्या रस्त्यावरून ओढून घेतल्यासारखी. गाडीवर पाटी कॅलिफोर्नियाची होती, तो शेजारच्या राज्याला मारलेला टोमणा. गाडीत काही वस्तू पुढच्या पिढीसाठी ठेवल्या होत्या, गायक एल्विस प्रेस्लेचा प्लास्टरचा अर्धपुतळाही त्यात होता. तोडफोड झाली तेव्हा तो गेला.

वजन 13,000 पौंड, सुमारे 5,900 किलो सांगतात. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून बघा. एक घनमीटर काँक्रीट साधारण 2,400 किलो. म्हणजे सगळा राक्षस मिळून जेमतेम अडीच घनमीटर. एवढ्या मोठ्या डोक्या-खांद्यांना भरीव करायला याच्या कितीतरी पट माल लागला असता. तेव्हा हा डोंगर नव्हे, कवच आहे. आत सळ्यांचा सांगाडा, त्यावर तार, त्यावर सिमेंट. आपल्याकडे पाण्याच्या टाक्यांना हेच तंत्र फेरोसिमेंट नावाने वापरतात.

पद्धत थोडक्यात अशी. सहा ते दहा मिलिमीटरच्या सळ्या वाकवून आकार काढायचा, जोड बाइंडिंग तारेने घट्ट पिरगाळायचे. त्यावर बारीक जाळीचे दोन-चार थर, एकावर एक, पण भोकं एकमेकांसमोर येणार नाहीत असे सरकवून. माल एकास दोन, एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू, पाणी सिमेंटच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. माल घट्टच हवा. थापीने वरून फासायचा नाही, जाळीत दाबून पलीकडे निघेपर्यंत रेटायचा. पलीकडून दुसऱ्याने हाताने धरायचं, म्हणून हे काम एकट्याचं नाही. मग निदान आठवडाभर ओली गोणपाटं आणि पाणी मारणं.

चुकतं ते इथेच. माल जाळीमागे पोचला नाही की आत पोकळी राहते. वरून टिचकी मारली की मडक्यासारखा आवाज येतो. जाळीवर तीन-चार मिलिमीटरचं आवरण राहिलं नाही की ओल तिच्यापर्यंत जाते. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ धातूपेक्षा दुप्पट आणि जास्त जागा लागते, आणि आतून रेटा देऊन सिमेंटचा पापुद्रा उडवतो. पाणी मारायला कंटाळा केला की पहिल्या उन्हातच केसासारख्या चिरा. फ्रीमाँटच्या राक्षसाला एक मोठी सवलत मिळाली आहे: डोक्यावर आख्खा पूल. सिएटलचा ऑक्टोबर ते एप्रिलचा रिपरिप पाऊस त्याच्या थेट अंगावर येत नाही. हाच राक्षस उघड्या मैदानात असता तर इतकी वर्षं इतका धडधाकट राहिला असता का, शंका आहे.

त्याच्यावर चढायला मनाई नाही. चढायची सोपी वाट पंजावरून आणि गाडीवरून. मुलं भराभर वर जातात आणि उतरताना अडतात, कारण वरून पाय ठेवायची जागा दिसत नाही. मोठ्या माणसाने आधी वर न जाता खालीच उभं राहून पाय कुठे टेकवायचा ते सांगावं. हजारो बुटांनी पंजाची पाठ गुळगुळीत झालेली असते, ओल्या तळव्यांनी तिथे घसरायला होतं. नाकपुडीत बोट घालून फोटो प्रत्येकजण काढतो, तुम्हीही काढाल.

फोटोची अडचण अशी की राक्षस दक्षिणेकडे तोंड करून सावलीत आहे आणि बाजूला उघडं आकाश. कॅमेरा आकाशाला भुलतो, चेहरा काळा येतो. बोट चेहऱ्यावर टेकवून उजेड पक्का करावा, आकाश जळालं तर जळू द्यावं. अगदी जवळून रुंद लेन्सने घेतलं की नाकच नाक दिसतं. रस्त्याच्या पलीकडे जाऊन दुप्पट झूम केलं की खांदे, गाडी आणि वरचे खांब बरोबर बसतात. मधून 36वा रस्ता जातो आणि त्यावर खरी वाहतूक असते. फोटो काढता काढता मागे सरकणारा माणूस हे इथलं सर्वांत धोकादायक दृश्य. शिल्पाचा स्वामित्वहक्क कलाकारांकडे आहे. घरच्या अल्बमला कुणी अडवत नाही, कपवर किंवा टीशर्टवर छापून विकायचं असेल तर परवानगी लागते.

त्याच्यावर रंगाने नावं लिहिणारेही येतात. ते लिखाण पुसतात किंवा वरून करडा रंग देतात. रंगाचे थर चढत गेले की सिमेंटला आतली ओल बाहेर टाकता येत नाही, आणि मग रंग फुगून पापुद्र्याने सुटतो. मारुतीची शेंदराची खोळ निघते तसं काहीसं.

तिथून 36व्या रस्त्याने पश्चिमेला पाच-सात मिनिटं चाललं की चौकात लेनिन. इथे विनोद थोडा आवरता घ्यावा लागतो.

एमिल व्हेन्कॉव्ह या शिल्पकाराने तो तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या पोप्राड गावासाठी केला. 16 फूट उंच ब्राँझ, 1988 मध्ये बसला आणि वर्षभरात कम्युनिस्ट राजवटच गेली. पुस्तक वाचणारा, विचारात पडलेला लेनिन पुष्कळ ठिकाणी होता. व्हेन्कॉव्हने त्याच्यामागे ज्वाळा आणि बंदुका घातल्या. हाच त्याचा वेगळेपणा. इसाक्वा या सिएटलजवळच्या गावचे लुईस कारपेंटर तिकडे इंग्रजी शिकवत होते. भंगारात पडलेला पुतळा त्यांना दिसला. 1993 मध्ये 13,000 डॉलरना त्यांनी तो घेतला आणि आणण्याच्या खर्चासाठी घर गहाण टाकलं. तीन तुकडे करून तो जहाजाने आला. 1994 मध्ये कारपेंटर मोटार अपघातात गेले. पुढे इथल्या ओतशाळेचे पीटर बेव्हिस यांच्या प्रयत्नाने जून 1995 मध्ये तो फ्रीमाँटमध्ये उभा राहिला, आणि 1996 मध्ये आत्ताच्या जागी हलला. तो अजून विक्रीला आहे, किंमत अडीच लाख डॉलरपर्यंत सांगितली गेली आहे.

पुतळा खासगी मालकीचा, जागाही खासगी. म्हणून 2017 मध्ये देशभर पुतळ्यांचा वाद पेटला तेव्हा हाही काढा म्हणून मागणी झाली, पण महापालिकेच्या हातात काही नव्हतं. राक्षसावर एकमत आहे, याच्यावर नाही. ज्यांच्या घरातली माणसं त्या राजवटींनी नेली त्यांना नाताळात लेनिनच्या डोक्यावर तारा आणि दिवे बघून हसू येत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. त्याचे हात वारंवार रक्तासारखे लाल रंगवलेले असतात. तो रंग हीसुद्धा इथल्या हाताळणीचीच एक रीत. पुतळ्याइतकंच त्या हातांकडे बघावं.

वजन सुमारे सात टन. पुन्हा हिशेब: ब्राँझ घनमीटरला साडेआठ टनांहून जास्त. म्हणजे सोळा फुटी लेनिनमध्ये एक घनमीटरही धातू नाही, तोही कवचच. ब्राँझवर कळंक चढून तपकिरी-हिरवट झाक येते आणि ती टिकावी म्हणून मेणाचा हात देतात. लाल रंग काढायला थिनर लावला की रंगाबरोबर मेण जातं, जोरात घासलं की झाकही जाते आणि तिथे पितळेसारखा उघडा ठिपका राहतो. मग तो ठिपका उरलेल्या अंगापेक्षा वेगळ्या वेगाने कळकतो. मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि नंतर पुन्हा मेण हाच धीराचा मार्ग.

दक्षिणेला एक गल्ली उतरली, 35व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, की इमारतीला टेकलेलं रॉकेट. 53 फूट. 1994 मध्ये इथे आलं, त्याआधी ते बेलटाउन भागात लष्करी भंगाराच्या दुकानावर होतं. ते रॉकेट नाहीच. फेअरचाइल्ड सी-119 या मालवाहू विमानाच्या शेपटीचा लांब भाग उभा करून त्याला पंख आणि टोक लावलं आहे. विमानात हा भाग आडवा असतो, इथे उभा, एवढ्यानेच त्याचं रॉकेट होतं. त्यावर वस्तीचं बोधवाक्य मोडक्या लॅटिनमध्ये: दे लिबेर्तास क्विर्कास. विक्षिप्तपणाचं स्वातंत्र्य. दिवसा फारसं उठत नाही, दिवे लागल्यावर बघा.

जवळच 'विश्वाचा मध्यबिंदू' म्हणून दिशादर्शक खांब आहे. नव्वदच्या दशकात किंग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सभेनेही फ्रीमाँटला तसं जाहीर केलं. खांबावर राक्षसाची दिशा आहे तशी पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाचीही. दोन मिनिटांचं काम आहे, त्यापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

जूनमधला शनिवार साधता आला तर सोल्स्टिस परेड, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमाराची मिरवणूक. 1989 पासून आर्ट्स कौन्सिल ती काढते. तिचे नियम ऐकावेत: लिहिलेला शब्द नाही, कंपनीचं चिन्ह नाही, इंजिनाचं वाहन नाही, जनावर नाही, खरं शस्त्र नाही. म्हणजे फ्लेक्सशिवाय, ट्रॅक्टरशिवाय, पुढाऱ्याच्या फोटोशिवाय मिरवणूक; कल्पना करून बघा. प्रत्येक चित्ररथ माणसांनी ओढायचा, त्यामुळे तो हलकाच करावा लागतो. मोठ्या बाहुल्यांचं डोकं कागदाच्या लगद्याचं, अंग कापडाचं. कागदाचे पट्टे खळीत भिजवून थर चढवायचे आणि आधीचा थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. सिएटलच्या दमट हवेत हे वाळायला वेळ लागतो. घाई केली तर आतून बुरशी धरते आणि ऐन परेडमध्ये नाक लोंबायला लागतं. परेडच्या पुढे अंगभर नुसता रंग लावलेले सायकलस्वार येतात, कपडे न घालता. मुलांना किंवा आजी-आजोबांना नेणार असाल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्या दिवशी बस वळवलेल्या असतात, पुलापासून पायीच यावं.

तिसरा दिवस, रविवार: वेलीचे प्राणी आणि सावलीचं घड्याळ

रविवारचा बाजार 1990 पासून वर्षभर भरतो, पावसातही. जुनी भांडी, नकाशे, हाताने केलेले दागिने. दहाच्या सुमारास गेलं तर वस्तू शिल्लक असतात, तीननंतर गेलं तर भाव खाली येतात. आपापलं बघावं.

बाजारातून कालव्याच्या बाजूला पश्चिमेकडे गेलं की दोन डायनासोर, अपॅटोसॉरसची आई आणि पिल्लू. लोखंडी सांगाड्यावर आयव्हीची वेल चढवलेली. पूर्वी ते शहरातल्या विज्ञान केंद्रात होते. गंमत अशी की इंग्लिश आयव्ही हे सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे, जंगलातून स्वयंसेवक ते उपटून काढतात. इथे मात्र तेच कातरून डायनासोर होतो. अशा वेलशिल्पाचा त्रास म्हणजे वेल उजेडाकडे धावते: पाठ दाट आणि पोट विरळ. पाठ वारंवार कातरावी लागते आणि पोटाकडच्या फांद्या हाताने जाळीत गुंतवून तारेने बांधाव्या लागतात. मुद्रा ओळखू यावी असं वाटत असेल तर कातरल्यानंतर लगेच बघावं. दोन-तीन महिने गेले की मानेची रेघ हरवते आणि हिरवा ढीग उरतो. हात लावायला हरकत नाही, पण आयव्हीच्या रसाने काहींच्या कातडीला खाज येते.

कालव्याच्या कडेने बर्क-गिलमन ट्रेल जातो, जुन्या रेल्वेमार्गावर केलेला. सायकली जोरात येतात. उजव्या कडेने एका ओळीत चालावं, घंटा ऐकली की बाजूला उडी मारू नये, सरळ रेषेत राहावं. पश्चिमेकडे बॅलर्डला नॉर्डिक म्युझियमपाशी दुसरा राक्षस आहे. थॉमस डॅम्बो या डॅनिश कलाकाराने 2023 मध्ये टाकाऊ लाकडातून केलेला फ्रँकी फीटस्प्लिंटर्स. सिमेंटचा राक्षस आणि लाकडाचा राक्षस एकाच दिवशी बघितले तर फरक हाताला कळतो. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, स्क्रू सैल होतात, आणि जमिनीला टेकलेलं टोक आधी कुजतं. वेळ कमी असेल तर हा भाग सोडावा आणि पूर्वेला निघावं.

पूर्वेकडे वीस मिनिटांवर गॅस वर्क्स पार्क. 1906 ते 1956 इथे शहरासाठी गॅस बनायचा. कारखाना बंद पडल्यावर सगळं पाडून हिरवळ करायची, असा नेहमीचा बेत होता. रिचर्ड हॅग या उद्यानरचनाकाराने गंजके मनोरे तसेच ठेवले आणि 1975 मध्ये बाग झाली. मनोऱ्यांभोवती कुंपण आहे. आतल्या मोठ्या शेडमधली यंत्रं मात्र भडक रंगांनी रंगवून मुलांना खेळायला दिली आहेत. कारखान्याचा डांबरी मळ माती आणि तळाच्या गाळात उतरलेला असल्याने पाण्यात पाय घालायचा नाही, पाट्या आहेत त्या पाळाव्यात.

टेकडीच्या माथ्यावर, पतंग उडवणाऱ्यांच्या मधोमध, जमिनीवर सपाट पसरलेलं घड्याळ आहे. चार्ल्स ग्रीनिंग आणि किम लझार यांनी 1978 मध्ये केलेलं. काँक्रीटमध्ये शिंपले, चिनी मातीचे तुकडे, काच, ब्राँझ जडवलेलं. त्याला काटा नाही. ठरलेल्या जागी आपण उभं राहायचं, आपली सावली जिथे पडेल ती वेळ.

मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळत नाही म्हणून हे बिघडलं आहे असं लोक समजतात. कारणं तीन आहेत. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे असतात. दुसरं, इथली प्रमाणवेळ 120 अंश पश्चिम रेखांशाची आणि सिएटल सव्वादोन-अडीच अंश आणखी पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य नऊ-दहा मिनिटं मागे. तिसरं, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्याने सूर्य वर्षभर थोडा पुढे-मागे होतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. उन्हाळ्यात तास आणि दहा मिनिटं मिळवली की साधारण जमतं.

दोन्ही पाय जुळवून, ताठ उभं राहावं. कुणाच्या खांद्यावर मूल असेल तर सावली लांब होते, वेळ बदलत नाही. दुपारच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास सावली आखूड असते, टोक ओळखणं अवघड जातं. सकाळी दहाला किंवा दुपारी चारला चांगली पडते. ढग आले तर घड्याळ बंद. मग गुडघे टेकून शिंपल्यांवरून हात फिरवावा. कडांचे शिंपले झिजून सपाट झाले आहेत, मधल्यांना अजून धार आहे.